काळा डाग आणि पाण्याची गाठ

मराठीत ‘गाठ’ हा शब्द फार राबवला जातो. दोरीला गाठ बसते, लग्नाची गाठ बांधली जाते, बाजारात कुणाशी तरी गाठ पडते. अंगात कुठं काही फुगलं, वाढलं, की तीही गाठच. आमच्या घरात दखनी चालते, तिथं ‘रसोली’ म्हणतात. शब्द बदलला तरी अडचण तीच राहते. पाण्यानं भरलेला निरुपद्रवी फुगा असो की कॅन्सर, दोघांना एकच नाव. सोनोग्राफीचा रिपोर्ट इंग्रजीत येतो. त्यातल्या ‘सिस्ट’चं मराठी कुणीतरी ‘गाठ’ असं करून सांगतं आणि त्या रात्री घरात चूल पेटत नाही.

मूत्रपिंडातली पाण्याची गाठ, म्हणजे किडनीची सिस्ट, ही त्यातलीच एक. पन्नाशी उलटलेल्या दर तीन-चार माणसांत एकाच्या तरी किडनीत ती सापडू शकते. बहुतेकांना ती आहे हे मरेपर्यंत कळत नाही आणि न कळल्यानं त्यांचं काही बिघडतही नाही. मोजक्या गाठी मात्र वरून पाण्याच्या दिसतात आणि त्यांच्या भिंतीत कॅन्सर दडलेला असतो. कोणती कोणती, हे पोट न फाडता ओळखायला वैद्यकाला जवळपास शंभर वर्षं लागली. तो इतिहास मराठीत फारसा सांगितला गेलेला नाही. मला तो बीड जिल्ह्यातल्या नेकनूरमध्ये बसून सांगावासा वाटतो, आणि त्याचं कारण पुढं येईल.

नेकनूर बीड तालुक्यात, बालाघाटच्या डोंगररांगांत, मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. उर्दू जाणणाऱ्याला गावाच्या नावात ‘नेक’ आणि ‘नूर’ दिसल्यावाचून राहत नाही. तपासण्यांसाठी इथला माणूस एक तर मांजरसुंब्याच्या वाटेनं बीडला जातो, नाहीतर केजवरून अंबाजोगाईला, १९७४ साली सुरू झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात. अंबाजोगाईचं निजामाच्या काळातलं नाव मोमिनाबाद. जुनी माणसं अजून तेच म्हणतात.

निजामी राजवटीत या भागात आजारी माणूस हकीमाकडे जायचा. किडनीत काय चाललंय हे पाहायचा हकीमाचा रस्ता म्हणजे कारुरा, लघवीनं भरलेली काचेची बाटली. ती उजेडात धरून रंग, दाटपणा, तळाशी बसलेला गाळ पाहायचा. इब्न सीनाच्या ‘अल-कानून’मध्ये लघवीच्या परीक्षेवर तपशिलवार विवेचन आहे. त्याच्या आधी अल-राझीनं किडनी आणि मूत्राशयातल्या खड्यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. हे सगळं अंदाजाचं शास्त्र होतं, पण त्या अंदाजाला शिस्त होती. कॉर्डोव्याचा शल्यविशारद अल-जहरावी तर जुन्या, मोठ्या झालेल्या कॅन्सरच्या गाठीला हात लावू नका असं बजावतो. आपण असा रोगी बरा केलेला नाही आणि दुसऱ्या कुणी केलेला पाहिलाही नाही, हे तो सरळ कबूल करतो. हजार वर्षांपूर्वी चाकू चालवणाऱ्या माणसानं चाकू कुठं थांबवायचा हे लिहून ठेवलंय, याचं मला जास्त अप्रूप वाटतं. आपल्याकडे जुन्या मुस्लीम वैद्यकाचा अभिमान बाळगणारे त्याच्या अवजारांची चित्रं दाखवतात. हे वाक्य कुणी दाखवत नाही.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत विल्हेल्म राँटजेनला क्ष-किरण सापडले आणि माणसाला जिवंतपणी स्वतःची हाडं दिसली. किडनी मात्र दिसेना. ती मऊ, तिच्या आजूबाजूचं मांसही मऊ. फिल्मवर सगळं एकाच राखाडी रंगात मिसळून जायचं. १९२९ साली मोझेस स्विक या तरुण अमेरिकी डॉक्टरनं बर्लिनमध्ये एक आयोडिनयुक्त औषध शिरेतून देऊन पाहिलं. ते किडनीतून गाळलं जातं आणि आयोडिन क्ष-किरण अडवतं, त्यामुळं किडनी आणि तिच्या नळ्या फिल्मवर पांढऱ्या उमटल्या. आपल्याकडे पुढं कितीतरी वर्षं ‘आयव्हीपी’ म्हणून जी तपासणी केली जायची, ती हीच.

पण त्यात दिसायचा तो किडनीचा आकार. एका बाजूला फुगवटा आहे, नळ्या ढकलल्या गेल्यात, एवढं कळायचं. फुगवट्याच्या आत पाणी आहे की मांस, हे फिल्म सांगत नव्हती. मग शंका आली की पोट उघडायचं. उघडल्यावर बऱ्याचदा आत पाणी निघायचं. नको असलेली चिरफाड टाळायला डॉक्टरांनी दुसरे मार्ग शोधले. पाठीतून लांब सुई घालून गाठीतलं पाणी ओढायचं आणि त्यात कॅन्सरच्या पेशी आहेत का पाहायचं. किंवा मांडीच्या धमनीतून नळी वर सरकवून किडनीच्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढायचं, कारण कॅन्सरच्या गाठीला रक्तवाहिन्यांचं जाळं असतं आणि पाण्याला नसतं. स्वीडनच्या सेल्डिंगरनं १९५३ मध्ये ही नळी सुरक्षितपणे घालायची रीत दिली. तरीही सुई ती सुई आणि नळी ती नळी. निव्वळ पाण्यासाठी एवढं सोसायचं.

पाणी ओळखण्याचं काम अखेर आवाजानं केलं. आमच्या भागात विहीर खणण्याआधी पाणाडी बोलावतात. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शेतात फिरतो आणि नारळ उभा राहिला की खाली पाणी आहे असं सांगतो. त्याच्या सांगण्यावरून पाडलेल्या किती बोअर कोरड्या निघाल्या, हे बीड जिल्ह्याला विचारायची गरज नाही. इयान डोनाल्ड या ग्लासगोच्या डॉक्टरनं १९५५ मध्ये जे केलं ते दुरून पाहणाऱ्याला असंच काहीतरी वाटलं असतं. डोनाल्ड स्त्रीरोगतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात असताना त्यांनी रडार पाहिलं होतं. ग्लासगोजवळ रेनफ्र्यू इथं बॉयलर बनवणारा एक मोठा कारखाना होता. लोखंडाच्या जोडात आत कुठं भेग आहे का, हे तिथं आवाजाच्या लहरी सोडून तपासत. त्या कारखान्याच्या एका संचालकाची बायको डोनाल्ड यांची रुग्ण होती, त्या ओळखीवर दार उघडलं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी मोटारीत भरून डोनाल्ड कारखान्यात पोचले. त्यात पाण्याच्या सिस्ट होत्या आणि गर्भाशयाच्या मांसल गाठीही, म्हणजे फायब्रॉइड. तुलनेला म्हणून कारखान्यातल्या लोकांनी मांसाचा एक मोठा तुकडा आणून दिला होता.

भेगा शोधणाऱ्या त्या यंत्रानं दोन्हींतला फरक लगेच सांगितला. पाण्याच्या गाठीत आवाज कुठंही न अडखळता पलीकडच्या भिंतीपर्यंत जायचा आणि तिथून परत यायचा. मधल्या जागेत शांतता. मांसल गाठीत तो पावलोपावली आपटत, थोडा थोडा परतत, विरत जायचा. पुढं पडद्यावर चित्र दिसू लागलं तेव्हा हीच शांतता काळी दिसायला लागली. सोनोग्राफीत काळं म्हणजे जिथून आवाज परत आला नाही ती जागा, बहुतेक वेळा साधं पाणी. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं, पुढं लागणार आहे.

टॉम ब्राउन हा तरुण इंजिनिअर आणि जॉन मॅकव्हिकर हे डॉक्टर डोनाल्ड यांच्या जोडीला आले. ७ जून १९५८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये तिघांचा लेख आला. पोटातल्या गाठींची आवाजाच्या लहरींनी केलेली तपासणी, असा त्याचा विषय. गर्भातल्या बाळाचं चित्र त्यात होतं, पण लेखाचा मुख्य भर गाठींवर होता, हे आज विसरलं गेलंय. त्या काळात एका बाईचं पोट प्रचंड फुगलं होतं. तिला जठराचा कॅन्सर आहे, पोटात पाणी झालंय आणि आता काही करण्यासारखं उरलेलं नाही, असं डॉक्टर मंडळींचं मत पडलं होतं. डोनाल्ड यांनी यंत्र लावलं. आत मोकळं पसरलेलं पाणी नव्हतं, स्पष्ट भिंत असलेली अंडाशयाची एक अवाढव्य सिस्ट होती. ती काढली, बाई वाचली. तिथून पुढं हे यंत्र कुणी हसण्यावारी नेलं नाही.

एक गोष्ट इथंच सांगायला हवी. डोनाल्ड धार्मिक वृत्तीचे होते आणि गर्भपाताचे कडवे विरोधक. ब्रिटनमध्ये १९६७ साली गर्भपाताचा कायदा सैल झाला तेव्हा आपल्याच यंत्रावरची चित्रं घेऊन ते त्याविरुद्ध बोलत. त्या यंत्राचं पुढं बीड जिल्ह्यात काय होणार आहे, याची त्यांना कल्पना येणं शक्य नव्हतं.

आमच्याकडे ‘सोनोग्राफी’ या शब्दाला एकच अर्थ चिकटला. २००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागं ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८०७ वर आल्या. महाराष्ट्रानं गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९८८ मध्येच कायदा केला होता, देशात सर्वांत आधी. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही २०१२ मध्ये परळीच्या प्रकरणानं जिल्ह्याचं नाव देशभर गेलं. त्यानंतर यंत्रं सील झाली, नोंदणी कडक झाली. सोनोग्राफी सेंटरच्या दारात ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ हा फलक प्रत्येकानं पाहिलाय. कडकपणा हवाच होता. पण यंत्राची दुसरी ओळख, गाठीतलं पाणी ओळखणारी, लोकांपर्यंत पोचलीच नाही. माझ्या नेकनूरच्या मामूंना पोटदुखीसाठी डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “सोनोग्राफी? मेरेकू क्या पाव भारी है?” म्हणजे मला काय दिवस गेलेत? मुमानी पदराआड हसत होत्या.

हसणं रिपोर्ट येईपर्यंतच टिकलं. पित्ताशयात खडे होते, ती पोटदुखी त्यांचीच. पण खाली आणखी एक ओळ होती, डाव्या किडनीच्या वरच्या टोकाला सिंपल कॉर्टिकल सिस्ट, सुमारे तीन सेंटिमीटर. पित्ताशय राहिलं बाजूला. मामूंच्या किडनीला रसोली झाली, ही बातमी जुम्म्याच्या नमाजपर्यंत गावभर झाली. एका खासगी डॉक्टरनं, नाव नको, सांगितलं की खड्यांच्या ऑपरेशनबरोबर ही पण काढून टाकू, आत ठेवून काय करायचं. मामूंनी व्यापारासाठी घेतलेली दोन जनावरं विकायचा विचार सुरू केला. थोरल्या मुलानं पुण्यातून फोनवर फोन लावले. रिपोर्टमधल्या ‘सिंपल’ या शब्दाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तो शब्द तिथं सहज पडलेला नसतो. त्याच्यामागं एका माणसाची आयुष्यभराची मेहनत आहे. त्या माणसाकडे जाण्याआधी एक यंत्र मध्ये येतं.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या अॅटकिन्सन मोर्ली हॉस्पिटलमध्ये पहिल्या रुग्णाचं सीटी स्कॅन झालं. यंत्र गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांचं, ते ईएमआय या रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते. बीटल्सच्या रेकॉर्डच्या कमाईवर सीटी उभा राहिला असं हौसेनं सांगितलं जातं, पण खर्चाचा मोठा वाटा ब्रिटनच्या आरोग्य खात्यानं उचलला होता. पहिली रुग्ण एक बाई होती, मेंदूत गाठ असल्याचा संशय होता. चित्रात दिसली गोल, काळसर सिस्ट. म्हणजे सोनोग्राफी आणि सीटी, दोन्हींच्या जन्मकथेत एक बाई आणि एक पाण्याची गाठ आहे. १९७९ मध्ये हाउन्सफिल्ड आणि अॅलन कॉर्मॅक यांना नोबेल मिळालं.

सीटीची खरी देणगी चित्र नव्हे, आकडा. शरीरातल्या प्रत्येक ठिपक्याला घनतेचा अंक मिळाला. पाणी शून्य, हवा उणे हजार, हाड शेकड्यांच्या पुढं. किडनीतल्या साध्या सिस्टचा अंक शून्य ते वीसच्या आसपास येतो. मग शिरेतून आयोडिनचं औषध देऊन पुन्हा पाहायचं, ते स्विकच्या औषधाचंच वारस. गाठीच्या भिंतीत किंवा आत जिवंत मांस असेल तर रक्ताबरोबर औषध तिथं जातं आणि अंक वर चढतो. वीसपेक्षा जास्त चढला तर संशय पक्का. पाणी मात्र औषध पीत नाही, अंक जिथल्या तिथं राहतो. पूर्वी मांडीतून नळी घालून जे शोधायचे, ते आता हाताच्या शिरेत सुई टोचून कळू लागलं.

पण सीटीनं एक नवी डोकेदुखीही आणली. आधी जे दिसत नव्हतं ते सगळं दिसायला लागलं. सिस्टमध्ये पातळ पडदे दिसू लागले, मोसंबीच्या फोडीवरच्या पापुद्र्यासारखे. कुठं चुन्याचे कण, कुठं भिंत जराशी जाड, कुठं जुनं रक्त साकळल्यानं आतलं पाणी घट्ट. यातल्या कशाला घाबरायचं? गोंधळलेला डॉक्टर शेवटी शल्यविशारदाकडे पाठवणार आणि तो काढून टाकणार. न्यूयॉर्क विद्यापीठातले रेडिऑलॉजिस्ट मॉर्टन बॉस्निअॅक यांनी १९८६ मध्ये ‘रेडिऑलॉजी’ या नियतकालिकात यावर लेख लिहिला आणि सिस्टच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवर साधी सिस्ट, केसासारखी पातळ भिंत, आत निव्वळ पाणी. दुसरीवर एखाद-दुसरा पातळ पडदा, थोडा चुना. या दोन्हींना हात लावायचा नाही, पुन्हा पुन्हा तपासायचंही नाही. तिसरीत भिंत किंवा पडदे जाड, ओबडधोबड, आणि औषध घेणारे. चौथीत तर भिंतीला लागून मांसाचा गोळाच, तो बहुतेकदा कॅन्सर निघतो. पायरी ठरवताना आकाराला फार महत्त्व नव्हतं. दहा सेंटिमीटरची गाठ पहिल्या पायरीवर असू शकते आणि दोन सेंटिमीटरची चौथ्या. आपल्याकडे नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात तो नेमका ‘केवढी आहे?’ हाच.

हे सुटसुटीत वाटतं, पण दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये खाचखळगे होते. काही गाठी इकडच्याही नव्हत्या आणि तिकडच्याही. १९९० च्या दशकात बॉस्निअॅक यांनी मध्ये एक पायरी घातली, ‘दोन-एफ’. एफ म्हणजे फॉलो-अप. पडदे थोडे जास्त आहेत, भिंत किंचित जाड आहे, पण खात्री नाही, तर सहा महिन्यांनी पाहा, वर्षानं पाहा, मग पाच वर्षांपर्यंत दरवर्षी पाहा. बदलली नाही तर सोडून द्या. मला या सगळ्या इतिहासात हे एक अक्षर सर्वांत मोठं वाटतं. वाट पाहणं हा उपचाराचा भाग आहे, डॉक्टरला काही सुचलं नाही म्हणून उरलेली जागा नव्हे, हे एका अक्षरात पुस्तकात गेलं. किडनीतल्या छोट्या घन गाठीसुद्धा किती सावकाश वाढतात, यावरही बॉस्निअॅक यांनी पुढं काम केलं.

(दोन्ही किडन्या सिस्टनी भरून जातात आणि घराण्यात वडिलांकडून किंवा आईकडून येतं, तो आजार निराळा. त्याला या पायऱ्या लागू नाहीत.)

आमच्या भागासाठी आणखी एक नाव या कथेत असायला हवं. बालाघाटात धनगर आहेत, मेंढ्या आहेत, त्यांच्याबरोबर कुत्री आहेत. कुत्र्याच्या आतड्यातला एक छोटा फीतकृमी मेंढीत आणि कधी माणसात गाठ करतो, ती हायडॅटिड सिस्ट. बहुतेकदा यकृतात, क्वचित किडनीत. ही पाण्याचीच गाठ, पण वेगळी. विचार न करता सुई घातली आणि आतलं पाणी पोटात सांडलं तर माणूस तिथल्या तिथं अत्यवस्थ होऊ शकतो. ट्युनिशियाच्या हसन गार्बी यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८१ मध्ये सोनोग्राफीवरून या गाठींचे पाच प्रकार सांगितले. बॉस्निअॅक यांच्या आधी पाच वर्षं, त्याच नियतकालिकात. पुढं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आपली वर्गवारी केली तिचा पाया तोच होता. मेंढपाळांच्या देशातल्या डॉक्टरला आपल्या माणसांच्या पोटातली गाठ वाचायची होती म्हणून ते घडलं. मराठवाड्यातल्या डॉक्टरांना गार्बी हे नाव परीक्षेपुरतं माहीत असतं. तो माणूस आपल्यासारख्याच माळरानाच्या मुलखातला, हे सहसा कुणी सांगत नाही.

मामूंना अंबाजोगाईला नेलं. तिथं सोनोग्राफी पुन्हा झाली. गाठ पूर्ण काळी, भिंत पातळ, तिच्यामागची जागा उजळ, कारण पाण्यातून आवाज दमदार पलीकडे जातो. सीटीचीही गरज नाही, असं सांगून त्यांना परत पाठवलं. मामूंना ते पटेना. एवढ्या लांब येऊन काहीच औषध नाही? डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे बोट दाखवून म्हटलं, “चाचा, हे काळं दिसतंय ना, ते चांगलं आहे. पांढरं दिसलं असतं तर मी घाबरले असते.”

हे वाक्य मला आणखी कुणाकडे तरी पोचवायचं होतं, पण वेळ निघून गेली होती. नेकनूरजवळच्या एका वस्तीवर ऊसतोडीला जाणारी एक बाई राहते, माझ्याच वयाची. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, दिवाळीच्या आसपास टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जायचं. एक दिवस काम बुडालं की खाडा, म्हणजे पैसे कापले. फडात आडोसा नाही, पाणी नाही. पाळीच्या दिवसांत पोट दुखतं म्हणून ती एका खासगी दवाखान्यात गेली. तिथं सोनोग्राफी केली. तेव्हा तिचं वय तीससुद्धा नव्हतं.

“पडद्यावर काळा डाग दावला ताई,” ती म्हणाली. “म्हनले, गाठ हाय. आज ना उद्या क्यान्सर व्हतो. लेकरं झालीत ना, मग पिशवी कशाला ठिवायची?”

उचल वाढवून घेतली, पिशवी काढली, तीन आठवड्यांत पुन्हा ऊस तोडायला गेली. आता तिची कंबर धरते, हाडं दुखतात, घाम फुटतो. तिच्याकडे रिपोर्टची प्लॅस्टिकची पिशवी अजून आहे. त्यातल्या इंग्रजी कागदावर उजव्या अंडाशयात साधी सिस्ट, अडीच सेंटिमीटर, असं लिहिलंय. गर्भाशयाबद्दल लिहिलंय, ‘नॉर्मल’.

अंडाशय म्हणजे किडनी नव्हे, हे मला माहीत आहे. पण पाळी चालू असलेल्या बाईच्या अंडाशयात एवढी साधी सिस्ट महिन्याच्या चक्रातच तयार होते आणि बहुतेकदा एक-दोन पाळ्यांत आपोआप विरते. डोनाल्ड यांच्या यंत्रानं पाणी आणि मांस यांतला भेद १९५५ मध्ये सांगितला होता. इथं तेच यंत्र, तोच काळा डाग, आणि अर्थ बरोबर उलटा लावला गेला. त्या बाईला काळा रंग दाखवला, कारण काळ्याची भीती वाटते. ‘गाठ’ म्हटलं, कारण त्या शब्दात सगळं बसतं.

२०१९ च्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांनी हे उघडं पाडलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली, अनेकींची ऐन तरुणपणी. त्यानंतर जिल्ह्यात खासगी दवाखान्याला गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं भाग पडलं.

त्याच वर्षी, २०१९ मध्ये, बोस्टनचे स्टुअर्ट सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्निअॅक पायऱ्यांची सुधारित आवृत्ती मांडली. तिसऱ्या पायरीवरच्या ज्या गाठी कापून काढल्या जात होत्या, त्यांतल्या जवळपास निम्म्या तपासणीत साध्याच निघत होत्या आणि एवढ्या किडन्या विनाकारण कापणं त्यांना खटकत होतं. म्हणून त्यांनी शब्द आणखी घट्ट केले. ‘पातळ’ म्हणजे दोन मिलिमीटरपर्यंत, ‘किंचित जाड’ म्हणजे तीन, ‘जाड’ म्हणजे चार किंवा त्याहून जास्त. एमआरआयलाही जागा दिली. पुढच्या वर्षी अंडाशयाच्या गाठींसाठीही सोनोग्राफीची तशीच पायऱ्यांची पद्धत आली, ‘ओ-रॅड्स’ नावाची. तिच्यात त्या बाईच्या कागदावरची अडीच सेंटिमीटरची सिस्ट अगदी तळाच्या, काहीही न करण्याच्या पायरीवर येते.

मामूंची गाठ आहे तिथंच आहे. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, जनावरं विकावी लागली नाहीत. आठवडी बाजारात कुणी तब्येत विचारली की ते सांगतात, “किडनी में थोडा पानी है.” रसोली हा शब्द त्यांनी टाकून दिलाय. वस्तीवरची बाई या हंगामातही कोयता घेऊन गेली आहे. तिची प्लॅस्टिकची पिशवी जाताना तिनं माझ्याकडे ठेवली आहे, घरात उंदरं फार झालीत म्हणून.